उतावळा पाय

इसोमारूला आपले सगळे आकडे तोंडपाठ होते. वरच्या वर्गातल्या पैलवानांचे आकडे वर्तमानपत्रवाले लक्षात ठेवतात. खालच्या वर्गातल्यांना आपले आपणच ठेवावे लागतात, जशी आपली लांग आपणच उन्हात टाकावी लागते. वय सदतीस. उंची एकशे अठ्ठ्याहत्तर. वजन एकशे एकतीस किलो, त्यातले तीस किलो कुठल्याच डावात कामाला यायचे नाहीत. कारकीर्द बावीस वर्षं, स्पर्धा एकशे एकतीस, म्हणजे दर स्पर्धेमागे एक किलो. "कोण म्हणतं मी काही कमावलं नाही?" असं तो तालमीतल्या मंडळींना विचारायचा आणि पोटावर थाप मारायचा.

सर्वांत वरची मजल म्हणजे सान्दान्मे वर्गातला तिसावा क्रमांक. हा वर्ग वरून चौथा आणि खालून तिसरा. गावी पत्र लिहिताना तो वरून मोजायचा. ओळीनं विजय पाच, तेही तेरा वर्षांपूर्वी. ओळीनं पराभव किती, हे त्याला आठवायचं नाही, बाकी सगळ्यांना आठवायचं. पण एका बाबतीत आपली बरोबरी करणारा अख्ख्या जपानात कोणी नसावा, अशी त्याची खात्री होती. समोरच्याला रेटत रेटत रिंगणाच्या कडेपर्यंत न्यायचं, जिंकायला बोटभर अंतर उरलं की उत्साहाच्या भरात आपलाच पाय पेंढ्याच्या कडेबाहेर टाकायचा, आणि हरायचं. सुमोत याला उतावळा पाय म्हणतात आणि निकालाच्या पत्रकात तसं चक्क छापतात. बहुतेकांच्या नशिबी तो आयुष्यात एखाद-दोनदा येतो. इसोमारूच्या नावावर तेवीस वेळा होता.

"तुझा पाय तुझ्या आधीच जिंकायला जातो," त्याचे वस्ताद म्हणायचे. सुरुवातीची दहा वर्षं ते हे चिडून म्हणायचे. पुढे पुढे पाहुण्यांना हसवायला म्हणायला लागले, तेव्हा इसोमारूनं ओळखलं की आपल्याकडून आता कुणाची काही अपेक्षा उरलेली नाही. त्यानंतर तो तालमीचा मुख्य स्वयंपाकी झाला आणि आसागिरी तालमीचं चान्को, म्हणजे पैलवानांचा पातेलंभर रस्सा, ऱ्योगोकू या सुमोच्या पेठेभर नावाजलं गेलं.

जानेवारीची स्पर्धा ही त्याची शेवटची. स्पर्धा संपली की रविवारी संध्याकाळी तालमीतच मेजवानी, आणि मेजवानीत निवृत्तीच्या रिवाजानं त्याचा बुचडा कापायचा, असं ठरलं होतं. वस्तादांच्या पत्नीनं, जिला सगळे मालकीणबाई म्हणत, त्याच्यापुढं एक कोरा कागद सरकवला.

"तुझे आकडे लिहून दे रे. कापायच्या आधी तोफूवाले तानिमुरा माइकवरून वाचणार आहेत."

"वाचायलाच हवेत का?"

"रीत आहे."

"माझ्यापुरती ती जरा हळू आवाजात पाळता नाही येणार?"

मालकीणबाई हसल्या. तोही हसला, पण कागद त्यानं कोराच घडी घालून कमरेला खोचला. कारण त्या वेळी आकडे होते: विजय चारशे शेहेचाळीस, पराभव चारशे सत्तेचाळीस. गैरहजेऱ्या सतरा, सगळ्या गुडघ्याच्या. शेवटच्या स्पर्धेतल्या सात कुस्त्यांपैकी चार जिंकल्या, तर साडेचारशेला साडेचारशे, अगदी काट्यावर. तीनच जिंकल्या, तर तोफूवाले तानिमुरा माइकवरून जाहीर करणार की हा माणूस बावीस वर्षं खपून शेवटी हरला. आणि ते ऐकायला पहिल्या रांगेत त्याचे बाबा बसलेले असणार.

बाबा ओकी बेटावर माकुळं धरायचे. त्या बेटावर देवळापुढं सुमो होतो तो प्रत्येक जोडीचा दोनदा. पहिली कुस्ती जो जिंकेल त्यानं दुसरी समोरच्याला द्यायची, म्हणजे एकेक होऊन दोघांनीही ताठ मानेनं घरी जायचं. गावातली म्हातारी माणसं मग "फिट्टंफाट! चला घरी!" असं ओरडतात आणि साके ओततात. उद्या पुन्हा एकाच होडीत बसून समुद्रात जायचं असतं, तिथं हरलेलं तोंड घेऊन कोण बसणार? अशा गावातून पंधरा वर्षांचा शिंगो (इसोमारूचं हे घरचं नाव) तोक्योला निघाला, तेव्हा बाबा धक्क्यावर एकच वाक्य बोलले होते: "हरून परत यायचं नाही." बोट सुटली. ते वाक्य मात्र त्याच्याबरोबर आलं आणि बावीस वर्षं त्याच्या शेजारी झोपलं.

म्हणून त्याला साडेचारशे हवे होते. जिंकून जायची भाषा त्यानं केव्हाच सोडली होती. फक्त हरून जायचं नव्हतं.

आणि त्या चारशे सत्तेचाळीस पराभवांतला एक तर त्यानं कुस्ती न खेळताच कमावला होता. खालच्या वर्गाला पंधरा दिवसांत सातच कुस्त्या असतात. कधी आज, कधी परवा, कधी मध्ये दोन दिवस नुसती भांडी. उद्याच्या जोड्या आज पत्रकात छापून येतात. त्या बघायच्या आणि लक्षात ठेवायच्या. यात चुकण्यासारखं काय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी चाळीस माणसांचं चान्को कधी रांधलेलं नाही. चौदा वर्षांपूर्वी ओसाकाच्या स्पर्धेत इसोमारू मुक्कामाच्या देवळात मागल्या दारी बसून सार्डीनचे गोळे वळत होता, आणि तिकडे रिंगणावर त्याचं नाव पुकारलं जात होतं. समोरचा पैलवान एकटाच चढला, एकटाच बसला, आणि न खेळता जिंकून उतरला. संध्याकाळी वस्तादांनी इसोमारूला तेच गोळे एकेक करून खायला लावले.

तो समोरचा पैलवान होता तोबिउमे तालमीचा कुरोइवा. तोही आता पस्तिशी ओलांडलेला, तोही आपल्या तालमीचा मुख्य स्वयंपाकी. दोघांच्या पंधरा कुस्त्या झाल्या होत्या. सात इसोमारूच्या, आठ कुरोइवाच्या, त्यातली एक ती फुकटची. गेली चौदा वर्षं दोघं मंडईत भेटले की कुरोइवा सार्डीनच्या टोपलीकडे बोट दाखवून डोळा मारायचा.

आता नशिबाचा खेळ बघा. शेवटच्या स्पर्धेत इसोमारूनं तीन जिंकल्या, तीन हरल्या. सातवी, निकालाची कुस्ती चौदाव्या दिवशी, शनिवारी सकाळी. समोर कुरोइवा, त्याच्याही तीन आणि तीन. कुरोइवा वर्गाच्या अगदी तळाशी लटकलेला होता. हरला तर त्याच्याही खालच्या वर्गात. आणि खालच्या वर्गात पैलवानाला जानेवारीतसुद्धा एका किमोनोवर आणि लाकडी खडावांवर फिरावं लागतं. पस्तिशीनंतर ते गुडघ्यांना फार लागतं.

शनिवारी सकाळी नऊला इसोमारू तालमीतून निघाला. वाट तोबिउमे तालमीवरूनच जाते. दारात लाकडी खोक्यावर कुरोइवा एप्रन बांधून बसला होता आणि त्याच्या पुढ्यात मुळ्यांचा डोंगर होता.

"अरे वा, म्हातारबुवा! एवढ्या सकाळी?" कुरोइवा ओरडला.

"तुझ्यासारखं दारात बसून मुळे सोलायचं भाग्य नाही आमचं."

"दोनशे पाहुणे आहेत उद्या आमच्याकडे. आधी हे उरकतो, मग तुझ्याकडे बघतो. शेंडी कापायच्या आधी तुला एकदा शेवटचा आपटणार, लक्षात ठेव!"

"तोंड सांभाळ, सुरी लागेल."

"उद्या भेटू!"

इसोमारू हसत पुढं गेला. उद्या बुचडा कापायला कुरोइवालाही बोलावलेलं होतं, त्यामुळे त्या शब्दात त्याला काही वावगं वाटलं नाही. शिवाय कुरोइवाची तालीम सायकलीनं पाच मिनिटांवर. तो नेहमीच शेवटच्या क्षणी धापा टाकत यायचा.

स्पर्धागृहातल्या पैलवानांच्या खोलीत तो लांग कसून शेकोटीजवळ बसला. साडेनऊ झाले. बाहेर मोठ्या दालनात अकरा हजार आसनं आणि तीसेक प्रेक्षक, त्यातले चार झोपलेले. इसोमारू पायाच्या बोटांकडे बघत होता आणि त्यांना समजावत होता. आजच्या दिवस तरी मागे राहा रे बाबांनो, पुढं पुढं करू नका. आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात ते मुळे आले.

कुस्तीच्या दिवशी सकाळी कोण मुळे सोलतं? कोणीही नाही. कुस्ती असली की स्वयंपाकातून सुट्टी, हा नियम सगळ्या तालमींत आहे. एप्रन बांधून, दोनशे माणसांचे मुळे पुढ्यात घेऊन बसणारा पैलवान एकाच प्रकारचा असतो, आणि तो प्रकार इसोमारूला आतून बाहेरून ठाऊक होता. 'आधी हे उरकतो, मग तुझ्याकडे बघतो.' 'उद्या भेटू.' त्या मूर्खाला वाटत होतं की कुस्ती उद्या आहे!

इसोमारू उठला आणि लघवीला गेला. परत आला, बसला, पुन्हा गेला. लांग कसलेल्या माणसाला हे काम वाटतं तितकं सोपं नसतं, पण त्याला विचार करायला दुसरी जागा नव्हती.

त्यानं काही म्हणजे काही करायचं नव्हतं. रिंगणावर चढायचं, खाली बसायचं, पंच पंखा आपल्याकडे करणार, उतरायचं. साडेचारशेला साडेचारशे. कुरोइवाशी आठाला आठ. ओसाकाचे गोळेही वसूल. बेटावरचा नियमसुद्धा हेच सांगतो की एक तू फुकट घेतलीस, एक मी घेतो. यात चोरी नाही, लबाडी नाही, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे यात पाय नाही. पायच उचलायचा नाही तर तो बाहेर पडणार कुठून? बावीस वर्षांत देवानं पहिल्यांदाच त्याची प्रकृती ओळखून सोय केली होती.

मग त्याला रविवार दिसला. तानिमुरा वाचणार, "विजय साडेचारशे." टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत कुरोइवा, खडावांवर आलेला, पाय गारठलेला. आणि बाबांनी विचारलं की शेवटची कशी जिंकलास रे, तर सांगायचं काय? समोरचा मुळे सोलत होता म्हणून?

"दैव देतं आणि कर्म नेतं," इसोमारू आरशातल्या स्वतःला म्हणाला, "आणि माझं कर्म तर अर्धवट शिकलेलं आहे." किमोनो अंगावर टाकून तो प्रवेशदाराकडे धावला.

प्रवेशदारावर जुने पैलवान मिनेदाकाका तिकिटं फाडायला बसायचे. त्यांच्याजवळ फोन होता.

"काका, एक फोन."

"पैलवानांनी स्पर्धेत फोन करायचा नसतो."

"काका, समोरचा आलाच नाहीये. त्याला बोलवायचंय."

मिनेदाकाकांनी हातातलं तिकीट खाली ठेवलं. पन्नास वर्षांच्या सुमोत त्यांनी हे वाक्य ऐकलेलं नव्हतं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, इसोमारू?"

"नाही, काका. कधी होतं?"

त्यांनी फोन त्याच्याकडे सरकवला. पलीकडे घंटा वाजली, वाजत राहिली. इसोमारूच्या मनात आलं, नाही उचलला तर किती बरं होईल. मी माझं काम केलं आणि वर जिंकलोही. तेवढ्यात कोणीतरी उचलला.

"तोबिउमे तालीम."

"मूर्खा, कुठे आहेस?"

"तालमीत. तूच फोन केलायस ना तालमीत?"

"आज आपली कुस्ती आहे!"

"उद्या आहे."

"आज! शनिवारी! भिंतीवरचं पत्रक बघ, गाढवा!"

पलीकडे पावलं धपधप गेली. काहीतरी मोठं, बहुधा पातेलं, खाली पडलं. पावलं धपधप परत आली.

"इसो," कुरोइवाचा आवाज एकदम लहान झाला होता, "दहाच मिनिटं राहिलीत रे."

"मग फोनवर काय करतोयस?"

"पण तू मला का सांगतोयस?"

"मलाही कळत नाहीये. मला कळायच्या आत नीघ!"

तो धावत आत आला. त्याच्या आधीची दुसरी कुस्ती सुरू झाली होती आणि रिंगणाखाली बसायची वेळ झाली होती. समोरच्या बाजूची गादी रिकामीच. एक कुस्ती संपली. पुकारा करणारा पंखा उघडून समोरच्या वाटेकडे मान वळवून वळवून बघत होता. दुसरी कुस्ती लांबली. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून दोन मिनिटं नुसते उभे राहिले. त्या दोघांनी पुढं काय केलं हे इसोमारूला कधीच आठवलं नाही, पण जन्मभर तो त्यांचा आभारी राहिला. त्यातला एक पडला, आणि समोरच्या वाटेनं कुरोइवा धापा टाकत आला. तोंड लालबुंद, लांगेला कुणाचीतरी उसनी झालर, आणि बुचड्यात मुळ्याचं एक हिरवं पान.

झोपलेल्या चारांपैकी दोघं जागे झाले.

रिंगणावर दोघं समोरासमोर बसले. कुरोइवाचा अजून आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. इसोमारूनं आपल्या केसांकडे बोट करून त्याला पानाची खूण केली. कुरोइवानं पान काढलं, ठेवायला जागा नव्हती म्हणून तोंडात टाकलं आणि चावून गिळलं. पंचानं पंखा पालटून सुरुवातीची खूण केली.

आणि काय धडकला इसोमारू! सदतीस वर्षांच्या देहात एवढा जोर कुठून आला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पहिल्याच दणक्यात त्याचा डावा हात आत शिरला, उजव्यानं लांग धरली आणि तो रेटायला लागला. कुरोइवा सायकल मारून आलेला, त्याच्या मांड्या थरथरत होत्या. एक पाऊल, दोन पावलं, तिसरं. कुरोइवाच्या टाचा पेंढ्याच्या कडेवर चढल्या, त्याची पाठ मागं कलली आणि तो कडेवर धनुष्यासारखा वाकून लटकला. इसोमारूच्या कानात तोफूवाल्या तानिमुरांचा आवाज आला: साडेचारशे! हातातोंडाशी आलेला घास! आता फक्त छातीनं एक ढकल द्यायची होती. पाय न हलवता.

कुरोइवा खाली कोसळला आणि इसोमारू त्याच्या अंगावर. पहिल्यांदा कोण टेकलं यात शंकाच नव्हती. इसोमारूनं मान वर करून पंचाकडे बघितलं. पंखा कुरोइवाच्या बाजूला होता.

कडेबाहेरच्या बारीक, झाडून गुळगुळीत केलेल्या वाळूत उजव्या पायाच्या अंगठ्याचा एक सुबक ठसा उमटला होता. कुरोइवा पडायच्या निदान अर्धा क्षण आधीचा.

जाहीर झालं: कुरोइवा विजयी. उतावळा पाय.

मागच्या बोळात कुरोइवा त्याची वाट बघत भिंतीला टेकून उभा होता. इसोमारूनं त्याच्या पाठीवरची वाळू झाडली.

"ओसाकाला मी फोन केला नव्हता," कुरोइवा म्हणाला.

"माहीत आहे."

"देवळाचा नंबर होता माझ्याकडे."

"असेल."

"मला भीती वाटली, तू येशील म्हणून."

"आज मलाही हीच वाटत होती," इसोमारू म्हणाला. "आणि बघ, अगदी बरोबर वाटत होती." मग त्याला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं आहे हे त्यानं कुरोइवाला सांगितलं नाही. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. चारशे एकोणपन्नास आणि चारशे एक्कावन्न. कागद भरून द्यायचा होता.

रविवारी बाबा आले. बोट, मग बस, मग आगगाडी. अंगात डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा सूट आणि हातात सुकवलेल्या माकुळांचं बोचकं. आईला बोट लागते म्हणून ती आली नव्हती. इसोमारूच्या केसांचा त्या दिवशी पिंपळपानासारखा पसरट बुचडा बांधला होता, तो मान फक्त वरच्या वर्गाचा. आपल्या वाट्याला तो बावीस वर्षांत एकदाच आणि तोही कापण्यापुरता आला, असं तो न्हाव्याला म्हणाला. बाबांनी पोराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "जेवलास का?"

तालमीतल्या मातीवर लाकडी फळ्या टाकून त्यावर खुर्ची ठेवली होती. इसोमारू तोंड पाहुण्यांकडे करून बसला. तोफूवाले तानिमुरांनी माइक फुंकला आणि वाचलं. तोफू विकता विकता कमावलेला खणखणीत आवाज तो. विजय चारशे एकोणपन्नास. पराभव चारशे एक्कावन्न. गैरहजेऱ्या सतरा. इसोमारूनं पहिल्या रांगेकडे बघायचं टाळलं आणि तालमीच्या छतावरचा डाग बघत बसला.

मग एकेक पाहुणा मागं जाऊन सोनेरी कात्रीनं चार-चार केस कापू लागला. न्हावी शेजारी उभा राहून कुठं कापायचं ते दाखवत होता. रीत अशी की सगळ्यांनी थोडं थोडं कापायचं आणि बुचडा वेगळा करणारी शेवटची कात्री फक्त वस्तादांची. कुरोइवा आला.

"सोळापैकी नऊ माझ्या," तो मागून कुजबुजला.

"एक फुकटची."

"म्हणून तर दोनच केस कापतोय."

सर्वांत शेवटी, वस्तादांच्या आधी, बाबा. त्यांची पावलं मागं येऊन थांबली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

"चारशे एक्कावन्न," बाबा म्हणाले.

"हो." इसोमारू समोरच बघत बोलत होता. "बाबा, तुम्ही म्हणाला होता, हरून परत यायचं नाही. एकच कमी पडली."

"मी? कधी म्हणालो?"

"मी निघालो तेव्हा. धक्क्यावर."

मागून डोकं खाजवल्याचा आवाज आला. आठवत असावेत. "त्या दिवशी इंजिनात जाळं अडकलं होतं," ते म्हणाले. "माझं सगळं लक्ष तिकडे होतं. तुला काय बोललो, मला काही आठवत नाही बाबा. बोललो असेन काहीतरी. धक्क्यावर माणूस काहीतरी बोलतोच."

"मी बावीस वर्षं…"

"बरं, कापायचं काय ते सांगा," बाबा न्हाव्याला म्हणाले.

"हे इथले चारच—" न्हावी म्हणाला, आणि त्याचं वाक्य पुरं झालं नाही. जन्मभर सुरीनं ओले दोर तोडलेला हात तो. कात्री एकदाच वाजली.

इसोमारूच्या मानेला गार वारा लागला. समोरच्या ऐंशी पाहुण्यांच्या माना एकदम पुढं झाल्या. तानिमुरांच्या हातातला माइक खाली गेला. घडीचा कडक किमोनो घालून, गंभीर चेहऱ्यानं आपल्या पाळीची वाट बघणारे वस्ताद कात्री घ्यायला पुढं केलेला हात तसाच धरून उभे राहिले होते.

कुणाच्यातरी घशातून घुसमटलेला आवाज आला. तो कुरोइवा होता. तो तोंडावर दोन्ही हात दाबून खाली बसला. मग सगळी तालीमच फुटली.

बाबा वळसा घालून इसोमारूच्या समोर आले. माकूळ धरतात तसा त्यांनी तो बुचडा मुठीत उलटा धरला होता. "शेवटचा मान त्यांचा होता होय?" त्यांनी वस्तादांकडे मान करून विचारलं.

"हो, बाबा."

"आणि मी आधीच…"

"हो."

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. इसोमारूनं तो चेहरा ओळखला. चोवीस वेळा, कडेबाहेरच्या वाळूतला ठसा बघताना, त्याच्या स्वतःच्या मानेवर हाच चेहरा होता. म्हणजे हे पायाचं नव्हतंच. हे घराण्याचं होतं. तो खुर्चीवर हसायला लागला, इतका की पोट आवरायला त्याला दोन्ही हात लागले, आणि डोळे गळायला लागले ते त्यानं पुसलेही नाहीत.

वस्तादांनी न्हाव्याकडून कात्री घेतली, गंभीरपणे मागं गेले आणि मानेवरचा एक सुटलेला केस शोधून कापला. "झालं," ते म्हणाले. "पाय कुठून आला ते आज कळलं."

बाबांनी सगळ्यांसमोर कमरेत वाकून नमस्कार केला, एकदा वस्तादांना, एकदा पाहुण्यांना. मग बुचडा पोराच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या उघड्या मानेवर आपला खरबरीत हात टेकवला.

"एक तुझी, एक माझी," ते म्हणाले. "फिट्टंफाट. चल घरी."